पाला गुडघाभर, बटाटे गोटीएवढे: असं का होतं?

मोबाइलवर एक व्हिडिओ सतत फिरत असतो. कोणीतरी मातीने भरलेली गोणी उलटी करतं आणि घरंगळत बटाट्यांचा ढीग बाहेर येतो. तो पाहून स्वयंपाकघरातला कोंब आलेला बटाटा कुंडीत खोचणारे पुष्कळ जण आहेत. रोप येतं, जोमाने वाढतं, गुडघाभर होतं. अडीच-तीन महिन्यांनी मोठ्या आशेने माती उकरावी, तर हाती लागतात गोटीएवढे चार-पाच बटाटे. खत घातलं होतं, पाणीही रोज दिलं होतं. मग बिनसलं कुठे?

बहुतेक वेळा कष्टांत काही कमी पडलेलं नसतं. बटाटा म्हणजे झाडाचा नेमका कोणता भाग, तो जमिनीत कुठे धरतो आणि कधी धरतो, एवढंच कोणी सांगितलेलं नसतं. ते कळलं की बेणं, म्हणजे लावायचा बटाटा, उजेडात का ठेवायचं, माती का चढवायची, खत हात राखून का द्यायचं, या सगळ्याचा उलगडा होतो. नियम पाठ करावे लागत नाहीत.

## बटाटा हे खोड आहे

गाजर आणि रताळं ही मुळं आहेत. बटाटा जमिनीखाली वाढत असला तरी तो खोडाचा भाग आहे. खूण त्याच्या अंगावरच असते. बटाट्यावरचा प्रत्येक डोळा म्हणजे खोडावरचं एक पेर. त्या खळग्यात कोंबाच्या कळ्या असतात आणि खळग्याच्या कडेला भुवईसारखी जी रेघ दिसते, ती तिथे असलेल्या इवल्याशा पानाची खूण असते. फांदीवर पानं जशी गोल फिरत वर जातात, तसेच डोळेही बटाट्याभोवती फिरत जातात. एका टोकाला ते दाट असतात, तो शेंडा. दुसऱ्या टोकाला नाळ तुटल्यासारखा छोटा व्रण असतो. तिथे बटाटा झाडाला जोडलेला होता.

रोप वाढू लागलं की त्याच्या जमिनीखालच्या पेरांमधून पांढऱ्या, आडव्या फांद्या निघतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना स्टोलॉन म्हणतात. इथे आपण त्यांना आडव्या फांद्याच म्हणू. योग्य वेळ आली की या फांदीचं टोक लांबायचं थांबतं आणि फुगू लागतं. पानांनी तयार केलेली साखर तिथे येऊन स्टार्चच्या रूपात साठते. तो फुगवटा म्हणजे बटाटा.

यातून दोन गोष्टी निघतात आणि घरच्या बागेतलं निम्मं अपयश या दोन गोष्टी ठाऊक नसल्यामुळे येतं. पहिली: आडव्या फांद्या निघतात त्या लावलेला बटाटा आणि जमिनीचा पृष्ठभाग यांच्या मधल्या खोडातून. म्हणजे नवे बटाटे लावलेल्या बटाट्याच्या वर आणि आजूबाजूला धरतात, खाली जवळजवळ नाहीच. वरवर खोचलेल्या बटाट्याला जागाच उरत नाही. दुसरी: आडवी फांदी मातीबाहेर उजेडात आली की ती बटाटा धरायचं सोडून देते. तिला हिरवी पानं फुटतात आणि ती साधी फांदी होऊन जाते. अंधार नसेल तर बटाटा नाही.

## कंद धरण्याची वेळ कोण ठरवतं?

बटाट्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात, हजारो वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी रानटी बटाटा माणसाळवला. उंच डोंगर, थंड रात्री आणि बारा तासांच्या आसपासचा दिवस, अशा हवेत हे झाड घडलं. सोळाव्या शतकात ते युरोपात पोहोचलं तेव्हा तिथल्या उन्हाळ्यातल्या लांबलचक दिवसांत ते नुसतं वाढत राहायचं आणि बटाटे धरायला शरद ऋतू उजाडायचा. लांब दिवसांतही कंद धरणारी वाणं पुढे निवडीतून आली.

झाडाला दिवस किती मोठा आहे हे पानांमधून कळतं. दिवस आणि तापमान अनुकूल झालं की पानांत एक प्रथिन तयार होतं आणि ते खोडातून खाली उतरून आडव्या फांद्यांच्या टोकांना 'आता थांबा आणि फुगा' असा निरोप देतं. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी हे प्रथिन ओळखलं. इतर झाडांमध्ये फुलायची वेळ झाल्याचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचंच ते भावंड निघालं. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते: जमिनीखाली काय घडायचं ते पानं ठरवतात.

उष्णतेने हा निरोप दबतो. कंद धरायला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान सगळ्यांत चांगलं. माती ३० अंशांच्या आसपास तापली की कंद धरणं जवळजवळ थांबतं. त्यातही रात्र महत्त्वाची. झाडाची पानं म्हणजे घरातलं कमावतं माणूस समजा. दिवसा मिळकत होते, पण घरखर्च रात्रीही चालूच असतो, आणि रात्र जितकी उबदार तितका झाडाचा श्वसनावरचा खर्च जास्त. खर्च भागून जी शिल्लक राहील ती बटाट्यात जमा होते. गरम रात्री मिळकत सगळी खाऊन टाकतात. म्हणून पाला डोळ्यांत भरण्यासारखा आणि खाली गोट्या, हे चित्र बहुतेकदा चुकीच्या हंगामाचं असतं.

तेव्हा आपल्याकडे कोणता महिना योग्य, हे वेळापत्रकात शोधण्याऐवजी उलटं मोजा. लावल्यापासून साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात कंद धरू लागतात आणि पुढचा महिना-दीड महिना पोसतात. हा पोसण्याचा काळ आपल्या भागातल्या थंड रात्रींत बसेल असा लावणीचा दिवस निवडायचा. कडाक्याचं दहिवर किंवा हिम पडत असेल तर तेही टाळायचं, कारण गोठलं की पाला जळून जातो.

## कोंब आलेला खायचा बटाटा लावला तर चालेल का?

चालेल, पण भरवसा नाही. लावण्यासाठी ठेवलेल्या बटाट्याला बेणं म्हणतात. खायचा बटाटा आणि बेणं दिसायला सारखंच असतं, फरक आत असतो.

बटाट्याचं रोप बटाट्यातूनच येतं, म्हणजे आईच्या अंगातले रोग जसेच्या तसे लेकराकडे जातात. त्यातले विषाणू सर्वांत वाईट, कारण ते वरून दिसत नाहीत. मावा नावाची बारीक कीड रोगट झाडाचा रस शोषते आणि निरोगी झाडावर जाऊन बसते. त्या झाडाचे बटाटे बाहेरून गुळगुळीत, सुंदर दिसतात. पुढच्या पिढीत मात्र पानं वरच्या बाजूला वळतात, कडक होतात किंवा त्यांवर फिकट चट्टे येतात, झाड खुरटतं आणि उत्पादन निम्म्यावरही येऊ शकतं. प्रमाणित बेणं याच कारणासाठी मावा कमी असलेल्या थंड भागांत किंवा काळात वाढवतात आणि तपासून देतात. शिवाय साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी खायच्या बटाट्यांवर कोंबरोधक रसायन वापरलेलं असतं. त्यातून फुटलेले कोंब दुबळे निघू शकतात.

आणखी एक अडचण येते. नुकताच काढलेला बटाटा लावला तर तो आठवडेच्या आठवडे ढिम्म बसतो आणि लोकांना वाटतं कुजला. काढणीनंतर बटाटा विश्रांती घेतो. वाणाप्रमाणे ती साधारण दीड ते साडेतीन महिन्यांची असते. तेवढा काळ पाणी, ऊब काहीही दिलं तरी तो उठत नाही.

विश्रांती संपत आली की बेणं थंड, हवेशीर आणि उजेडाच्या जागी, पण थेट ऊन नको, एका थरात पसरून ठेवावं. अंधारात आलेले कोंब लांब, पांढरे आणि ठिसूळ असतात, लावताना हमखास मोडतात. उजेडात ते आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे होतात. एक-दोन सेंटिमीटर झाले की लावायचे. शेंड्याच्या टोकाचा कोंब आधी येतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो; काही दिवस उजेडात गेले की इतर डोळेही जागे होतात.

बेणं मोठं असेल तर कापता येतं. प्रत्येक फोडीला किमान दोन डोळे आणि ३० ते ५० ग्रॅम वजन हवं, कारण पानं येईपर्यंत कोंबाचं पोट त्या फोडीवरच चालतं. कापल्या कापल्या ओल्या मातीत घातली तर फोड कुजते. दोन-तीन दिवस सावलीत, दमट पण खेळत्या हवेत ठेवा. कापलेल्या बाजूवर नवी साल धरते. अंड्याएवढं बेणं मिळालं तर मात्र कापूच नये.

## लावणी आणि मातीची भर

माती भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी. चिकण मातीत बटाटे वेडेवाकडे होतात, पाणी साचलं तर कुजतात. चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत आधीच मिसळावं. ताजं शेण, चुना आणि राख यांपासून बटाटा दूर ठेवावा. राखेत पोटॅश असतं हे खरं, पण चुना आणि राख यांनी मातीचा आम्लपणा कमी होतो आणि बटाट्याच्या सालीवर खरबरीत खपल्या आणणारा जिवाणू तेव्हाच जोर धरतो. सामू, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा, ५ ते ६ च्या दरम्यान असला तर बटाटा खूश असतो. खपल्यांचा बटाटा खायला काही धोका नाही, साल जाड काढावी लागते इतकंच.

बेणं १० ते १५ सेंटिमीटर खोल, कोंब वर करून, दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून लावा. दोन ओळींमध्ये ६० सेंटिमीटर तरी सोडा, कारण मधली माती नंतर ओढून घ्यायची आहे. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असावी. कोंब वर येईपर्यंत जास्त पाणी देऊ नका.

रोप २० ते २५ सेंटिमीटर झालं की दोन्ही बाजूंची माती ओढून त्याच्या बुंध्याशी चढवायची, निम्मं-अधिक रोप झाकेल इतकी. यालाच भर देणं म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. भर दिल्याने आडव्या फांद्या अंधारात राहतात, वर आलेले बटाटे उघडे पडून हिरवे होत नाहीत, आणि पावसाने पानांवरून खाली धुऊन येणारे रोगाचे बीजाणू बटाट्यापर्यंत सहज पोहोचत नाहीत. माती कमी असेल तर वाळलेल्या पानांचा किंवा पेंढ्याचा जाड थर चालतो. उन्हात माती थंड ठेवायला तो मातीपेक्षाही चांगला. उजेड मात्र कुठूनही आत शिरता कामा नये.

## मग गोणीचा उंच मनोरा का फसतो?

भर दिली की खोड जमिनीखाली लांबतं, मग माती चढवत चढवत मीटरभर उंच नेली तर मजल्यामजल्याने बटाटे धरतील, असा हिशेब त्या व्हिडिओंमागे असतो. तर्क आकर्षक आहे. झाड मात्र तसं वागत नाही. आडव्या फांद्या प्रामुख्याने खोडाच्या तळाजवळच्या पेरांतून आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांतच निघतात. बहुतेक वाणांत पुढे कितीही माती चढवली तरी वरच्या मजल्यांत मुळं सापडतात, बटाटे क्वचितच. उलट दर वेळी पाला गाडल्याने झाडाची कमावती पानंच कमी होतात.

चांगल्या हंगामात एका रोपाला अर्धा ते एक किलो बटाटे मिळाले तर ते उत्तम उत्पादन समजावं. गोणीतून त्याहून कितीतरी जास्त निघाले असतील, तर तिच्यात एकाहून अधिक रोपं होती असं धरून चाला.

गोणी किंवा कुंडी वाईट मुळीच नाही. ती उंच असण्यापेक्षा रुंद हवी. एका रोपाला किमान १० ते १५ लिटर माती, ३० सेंटिमीटरच्या वर खोली, आणि तळाला मोकळी भोकं. तळाशी हातभर नव्हे, वीतभरापेक्षाही थोडी कमी माती घाला, बेणं ठेवा, झाका, आणि रोप वाढेल तशी कुंडीच्या काठापर्यंत भर द्या. काळी किंवा गडद कुंडी उन्हात तापते आणि आतली माती ३० अंशांच्या पुढे सहज जाते. तिला बाहेरून सावली करा, पानांना ऊन मिळू द्या. रोज निदान सहा तास ऊन नसेल, तर बटाट्यासाठी ती जागा सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

## खत आणि पाणी

पाला माजतो तो बहुधा नत्राने. नत्र म्हणजे पानं वाढवणारं अन्नद्रव्य. ते जास्त झालं की झाड वाढतच राहतं आणि कंद धरायचं लांबवतं. जे द्यायचं ते लावताना आणि पहिल्या भरीच्या वेळी द्या. कंद धरल्यावर पाला फिका दिसला म्हणून घाबरून युरिया टाकू नका.

पाण्याचं गणित वेगळं आहे: कमी-जास्तपणा घातक. कंद धरायच्या आठवड्यांत माती सुकली तर बटाटे संख्येने कमी येतात आणि खपल्याही वाढतात. आधी कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं, तर थांबलेला बटाटा पुन्हा वाढू लागतो. मग त्याला भेगा पडतात, आल्यासारख्या गाठी फुटतात किंवा पोटात पोकळी राहते. पाणी साचलं तर सालीवर पांढरे फुगीर ठिपके येतात. बटाटा श्वास घ्यायला धडपडत असल्याची ती खूण. बोट मातीत घालून दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागते का, हे रोज पाहणं कुठल्याही वेळापत्रकापेक्षा बरं.

## हिरवा बटाटा खरंच विषारी असतो का?

हो, आणि याबाबत ढिलाई नको. उजेड लागला की बटाट्याच्या सालीत हरितद्रव्य बनतं. ते स्वतः निरुपद्रवी आहे, पालकातही तेच असतं. पण त्याच उजेडाने सोलानिन आणि चाकोनिन ही कडू, विषारी द्रव्यंही वाढतात. झाडाने किडींपासून वाचायला ती बनवलेली असतात. साध्या बटाट्यात ती थोडी असतातच. एका किलोत २०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सामान्यतः सुरक्षित धरतात. हिरव्या सालीत आणि कोंबांत ते याच्या कितीतरी वर जातं. १९६९ मध्ये लंडनमधल्या एका शाळेत असे बटाटे जेवणात आल्याने ७८ मुलं आजारी पडली होती. उलट्या, जुलाब, पोटदुखी, काहींना भ्रमही झाला. सगळी बरी झाली.

'शिजवल्यावर जातं ना?' नाही. उकडून, तळून ही द्रव्यं फारशी कमी होत नाहीत. किंचित हिरवट डाग असेल तर जाड सोलून तो भाग कापून टाका. बराच हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला, तर पूर्ण टाका. बटाट्याचा पाला आणि फुलांनंतर येणारी टोमॅटोसारखी हिरवी फळंही विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील तर ती फळं दिसताच खुडून टाका. त्यांतल्या बियांपासून रोपं येतात, पण प्रत्येक रोप वेगळं निघतं. फुलं आलीच नाहीत तरी काळजी नको, कित्येक वाणांना ती येत नाहीत आणि बटाटे नीट येतात.

## करपा

बटाट्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उशिराचा करपा. थंड, ढगाळ, दमट हवेत पानांवर पाणी भरल्यासारखे गडद डाग पडतात, पानाच्या मागे पांढरी लव दिसते, आणि काही दिवसांत सगळं झाड काळं पडून कोसळतं. बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण बुरशी नसलेल्या एका सूक्ष्म जीवाचं हे काम. १८४५ पासून आयर्लंडमध्ये याच रोगाने पिकं बुडवली. सुमारे दहा लाख माणसं दगावली आणि त्याहून जास्त लोकांनी देश सोडला. गरिबांचं पोट एकाच पिकावर, तेही बहुतांशी एकाच वाणावर होतं. रोगाने पीक गेलं. माणसं इतक्या संख्येने मेली त्यात तेव्हाच्या राज्यकर्त्यांच्या धोरणांचाही वाटा होता.

घरच्या बागेत उपाय साधे आहेत. पाणी पानांवर नको, बुंध्याशी द्या, शक्यतो सकाळी. रोपांत हवा खेळू द्या. डाग दिसलेली पानं लगेच काढून बागेबाहेर न्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. रोग पसरलाच तर सगळा पाला कापून टाका आणि दोन आठवडे बटाटे मातीतच राहू द्या, म्हणजे उकरताना पाल्यावरचा रोग त्यांना लागणार नाही. टोमॅटो, वांगी, मिरची ही बटाट्याचीच भावकी. ती जिथे होती तिथे तीन-चार वर्षं बटाटा लावू नये. कुंडी असेल तर माती बदला.

## काढणी आणि साठवण

कोवळे, पातळ सालीचे बटाटे दोन-अडीच महिन्यांत हळूच उकरून काढता येतात. ते दोन-चार दिवसांत संपवायचे. त्यांची ताजी, ओलसर गोडी हे घरी बटाटे लावण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, कारण असे बटाटे लांबचा प्रवास सोसत नाहीत. साठवायचे असतील तर पाला पिवळा पडून वाळेपर्यंत, म्हणजे लावल्यापासून ९० ते १२० दिवस थांबा. त्याआधीच पाणी कमी करा. पाला वाळल्यावरही आणखी दोन आठवडे जमिनीत राहू द्या. या काळात साल पक्की होते. अंगठ्याने घासून साल निघाली नाही की काढा.

काढलेले बटाटे धुऊ नका. माती झटकून आठवडाभर अंधारात, हवेशीर जागी पसरून ठेवा, लहानसहान जखमा भरून येतात. मग टोपलीत किंवा कागदी पिशवीत, थंड अंधाऱ्या कोपऱ्यात. फ्रिजमध्ये ठेवले तर ६ अंशांच्या खाली बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. मग तो गोडसर लागतो, तळल्यावर लवकर काळपट होतो आणि ॲक्रिलामाइड हे घातक द्रव्यही जास्त बनतं.

## पुढच्या वेळचं बेणं

खाऊन उरलेले बारके बटाटे बेण्यासाठी ठेवायची सवय सर्रास दिसते. ती मोडायला हवी. विषाणू लागलेल्या झाडालाच बारके बटाटे जास्त येतात, त्यामुळे बारके निवडताना आपण नकळत रोगच निवडून पुढे नेतो. बेण्याची निवड काढणीच्या दिवशी करता येत नाही, तोवर पाला वाळलेला असतो आणि कुठलं झाड निरोगी होतं ते ओळखू येत नाही. पाला हिरवागार असतानाच, पानं सपाट आणि एकसारख्या रंगाची असलेली दोन-तीन जोमदार रोपं हेरून त्यांच्याशेजारी काठी रोवून ठेवा. काढणीत त्यांचे बटाटे वेगळे काढा आणि त्यांतले मध्यम आकाराचे बेण्याला ठेवा. बेणं उजेडात हिरवं झालं तरी बिघडत नाही, फक्त ते खायच्या बटाट्यांत मिसळू देऊ नका. एवढी काळजी घेऊनही दोन-तीन हंगामांनी नवं प्रमाणित बेणं आणा, कारण रोग नुकताच लागलेला असताना विषाणू डोळ्यांना दिसत नाही.